मावशीचा खोकला

बारा वर्षं नाटकांना संगीत देऊन तिनं दोनच गोष्टी कमावल्या होत्या: पाठदुखी, आणि आपल्याला जे जास्त आवडतं तेच दिग्दर्शक आधी कापतो हे ज्ञान. तरी पहिला चित्रपट मिळाल्यावर ती हुरळलीच. शेवटच्या दृश्यात बाप मुलीचं पत्र वाचून घडी घालतो. तिथली धून तिनं जीव टाकून बांधली. बाकीचं सगळं गेलं खड्ड्यात, ही एक वाचली पाहिजे, असं ठरवूनच.

कच्चा डेमो स्वयंपाकघरात केला, कारण घरातला शहाण्यासारखा वागणारा प्लग तिथंच होता. मागं मावशी भांडी पुसत होती. ती दोनदा खोकली. दिग्दर्शकानं तो डेमो तात्पुरता म्हणून दृश्याला लावला आणि संकलन करता करता आठ महिने रोज ऐकला.

मग स्टुडिओत बावीस वादकांनी तीच धून वाजवली. दिग्दर्शकानं डोळे मिटून ऐकली.

"खोकला कुठाय?"

"कसला खोकला?"

"बाप पत्र खाली ठेवतो तेव्हाचा. अहो, सगळा चित्रपट त्या खोकल्यात आहे!"

संकलकानं गंभीरपणे मान हलवली.

"ती माझी मावशी आहे," ती म्हणाली.

"मग आणा त्यांना."

मावशी आली. माइकसमोर उभी राहिली. खोकल्याचं नाव नाही.

"जरा एकटेपणा आणा, मावशी," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला.

"नवरा जाऊन वीस वर्षं झाली. एकटेपणा घरात पोत्यानं पडलाय. पण खोकला औषधानं गेला, त्याला मी काय करू? तुमच्यासाठी आजारी पडू?"

दिग्दर्शकानं दुसरी वाट काढली. "डेमोतला खोकला तेवढा उचलू. धून काढून टाकू. खोकला एकटाच दृश्य पेलतो."

ध्वनिमुद्रकानं दुपारभर खटपट केली. पण खोकला उचलला की त्याला धरून दोन सूर वर यायचे, गवत उपटल्यावर माती यावी तसे.

"सुटत नाही हो," तो म्हणाला.

"सुटणारही नाही," ती उठली. "माझ्या घरातला खोकला आहे, वळण चांगलं आहे त्याला. हवा असेल तर डेमो आहे तसा लागेल, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. नाहीतर धून, खोकला आणि मावशी, तिघांना घेऊन मी चालले."

"आणि तुमचे बावीस वादक?"

"मीच सांगेन त्यांना, की मावशीपुढं हरलात."

दिग्दर्शकानं संकलकाकडं पाहिलं. संकलक आठ महिन्यांत खोकल्याचाच झाला होता.

"बरं. पण डेमोत मध्येच नळ गळतोय, तेवढा तरी—"

"नळालाही हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि कागद पुढं ओढून तसं लिहून घेतलं.

मावशीनं ते वाचलं, पेन मागितलं, आणि खाली स्वतःची सही केली.