ताजा डांबरी लेप

एकतीस वर्षं मी उत्तरेकडच्या बर्फाळ कुहमो गावाच्या वाहन तपासणी केंद्रात गाड्यांच्या पोटाखाली उभा आहे. गावात मला एर्क्की या नावाने कमी लोक ओळखतात आणि हातोडीवाला म्हणून जास्त. हातोडी तशी लहानच आहे, पण मी ती हातात घेतली की दारात उभे असलेले भलेभले खिडकीबाहेरचं बर्फ बघायला लागतात. हिवाळाभर रस्त्यावरचं मीठ गाड्यांचा पत्रा खात असतं. चांगला पत्रा हातोडीखाली टणकन वाजतो, कुजलेला बसक्या आवाजात बोलतो. माझं सगळं शास्त्र एवढंच.

या शास्त्रात माझा एक नियम होता: लेप ताजा, तर मालक खोटा. तपासणीच्या आदल्या दिवशी गाडीखाली काळा डांबरी लेप फासून आणणारे महाभाग दरवर्षी निघतात. वरून कीर्तन, आतून तमाशा. लेप खरवडला की हाताएवढं भोक. त्यामुळे ताजं डांबर नाकात गेलं की माझं डोकं आधीच फिरायचं, आणि या नाकाचा मला मोठा अभिमान होता.

नव्या गाड्यांबद्दल मला विचारू नका, विचारलंत तर ऐकून घ्यावं लागेल. दिव्याचा बल्ब बदलायला समोरचा अख्खा बंपर उतरवायचा, आणि आता बल्बही नाही, दिवाच बदला म्हणतात. जिथे पूर्वी लोखंड होतं तिथे प्लास्टिक, जिथे स्क्रू होता तिथे क्लिप, आणि क्लिप काढली की तुटणार हे ठरलेलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. हे सगळं ठाऊक असूनही मी स्वतः तीन वर्षांपूर्वी एक चकचकीत नवी गाडी घेतली. शहाण्या माणसाचा मूर्खपणा नेहमी महागातला असतो.

रायली तोलोनेन टपालाची गाडी चालवते. गाडी तिचीच, कंत्राट टपालवाल्यांचं. रोज त्र्याऐंशी किलोमीटर जंगलातले रस्ते, एकशे बारा टपालपेट्या. तिची गाडी म्हणजे मागे सामानाला लांब जागा असलेली निळी वॅगन, सव्वीस वर्षं जुनी आणि मूळची तिच्या वडिलांची. मधल्या काळात तिनेही नवी गाडी घेऊन पाहिली होती. उणे तीसच्या थंडीत त्या गाडीचे दरवाजे उघडेनात, मग डॅशबोर्डचा पडदा काळा पडला, मग गिअरबॉक्स गेला. दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं, हा भाग उघडता येत नाही, संपूर्ण नवा टाकावा लागेल. त्यांनी सांगितलेल्या किमतीत तिने गोठा बांधला असता. तिने ती गाडी विकली आणि वडिलांची वॅगन कोठारातून बाहेर काढली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी ती वॅगन माझ्या लिफ्टवर चढली. रायली बासष्ट वर्षांची, पेन्शनला एक वर्ष उरलेलं. त्या एका वर्षाचं कंत्राट हवं असेल तर गाडी तपासणीत पास झाल्याचा कागद सोमवारी दुपारी बारापर्यंत टपालकचेरीत पोचायला हवा होता. नाही पोचला तर रस्ता दुसऱ्याला जाणार, आणि शेवटचं वर्ष बुडालं की पेन्शनही तेवढी उतरणार. हे मला ठाऊक होतं. कुहमोत कुणाचं काय अडलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त कुणी बोलत नाही.

लिफ्ट वर गेली आणि वास आला. दारांखालचे दोन्ही लांब पत्रे काळेभोर, चकचकीत. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. रायलीसुद्धा? मी हातोडी मारली. थप्प. दुसऱ्या बाजूला मारली, तिथेही थप्प. मी पुढे काही बघितलंच नाही. संगणकापाशी बसून लिहिलं: दारांखालचे पत्रे सदोष, लेपाखाली गंज, नापास. रायली दाराशी टोपी हातात धरून उभी होती. तिने कागद घेतला, दोनदा वाचला, घडी केली, "बरं" म्हणाली आणि गेली. मला वाटलं, चोर पकडला गेला की असाच गप्प बसतो.

शुक्रवारी माझी सुट्टी होती. तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरायला म्हणून मी सकाळी नऊला निघालो. बाहेर उणे सत्तावीस. गावापासून तीसेक किलोमीटरवर माझ्या चकचकीत गाडीच्या पडद्यावर पिवळा त्रिकोण आला, मग लाल, मग 'सेवा केंद्राशी संपर्क साधा' असा सल्ला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. इंजिन बंद, हीटर बंद, हँडब्रेक आपोआप लागलेला. तो सोडवायला बटण, आणि बटण मेलेलं. म्हणजे कुणी ओढून न्यायची म्हटली तरी ही बया जागची हलणार नाही. फोनवरच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की मदतगाडी चार तासांत येईल. चार तासांत मी गोठलेला मासा झालो असतो.

वीस मिनिटांनी निळी वॅगन आली. अर्थात तीच येणार, रस्ता तिचाच होता, आणि नापास गाडीही दुरुस्तीच्या मुदतीत चालवता येते. रायलीने काच खाली केली, माझ्याकडे बघितलं, माझ्या गाडीकडे बघितलं. हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बस," ती म्हणाली. "पण टपाल पुरं करूनच गावात जाईन. छत्तीस पेट्या राहिल्यात."

मी पत्रांच्या खोक्यांमध्ये अंग चोरून बसलो. आत ऊब होती. इंजिन एका सुरात चाललं होतं, आणि तिचं अर्धं लक्ष त्या सुराकडे होतं. एका उतारावर तिने मान तिरकी केली, गिअर बदलला आणि पुन्हा सरळ झाली. मीच नापास केलेल्या गाडीत मी बसलो होतो आणि ती मला सुखरूप घेऊन चालली होती. वीसेक पेट्या झाल्या.

मग माझा बूट ओला झाला म्हणून मी पायाखालची रबरी चटई उचलली, आणि तिथे, दाराच्या आतल्या कडेला, वेल्डिंगचा सांधा दिसला. मी हातमोजा काढला आणि त्यावरून अंगठा फिरवला. पुढून मागेपर्यंत सलग, एकसारखा, कुठे फुगवटा नाही, कुठे खाच नाही. मी आयुष्यात हजारो सांधे बघितलेत आणि बहुतेकांना शिव्या घातल्यात. याला मला काही म्हणताच येईना.

"हे कुणी केलं?"

"मी."

"तू?"

"प्रौढ शाळेत वर्ग असतो वेल्डिंगचा. दोन हिवाळे गेले. जुना पत्रा पूर्ण कापून काढला, नवा बसवला. दोन्ही बाजूंना."

"मग काल बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस." पुढची पेटी आली, तिने वर्तमानपत्र आत सरकवलं, पेटीवरचं बर्फ झटकलं. "हातोडी मारलीस, तोंड पाडलंस आणि लिहायला बसलास. लिहिणाऱ्या माणसाला मध्येच कसं टोकायचं?"

"आणि लेप?"

"नव्या सांध्यावर लेप दिला नाही तर आठ दिवसांत गंज धरतो. हे मी तुला सांगायचं, एर्क्की?"

नाही, मला ते सांगायला नको होतं. जाड ताज्या लेपाखाली चांगला पत्रासुद्धा थप्पच वाजतो, हेही मला ठाऊक होतं. प्रामाणिक माणूस काम पुरं करून जे करतो तेच लबाड माणूस काम न करता करतो, आणि मी एकतीस वर्षांच्या गुर्मीत दोघांना एका दावणीला बांधलं होतं. माझे कान तापले.

"माझं चुकलं," मी म्हणालो. हे शब्द मी त्याआधी कधी म्हटले होते ते आठवावं लागेल.

"एकच वर्ष हवंय मला," ती म्हणाली. बाकी काही नाही.

सोमवारी सकाळी आठला मी केंद्राचं दार उघडलं तेव्हा ती बाहेर थांबलेली होती. आमचा प्रमुख ओस्मो आणि मी, दोघांनी मिळून लेप खरवडला. बाहेरचा सांधाही आतल्यासारखाच. ओस्मो सहसा कॉफीशिवाय कशाचंच कौतुक करत नाही. तो दिवा धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला आणि म्हणाला, "कारखान्यातसुद्धा आता असं करत नाहीत." मी गुरुवारचा शेरा खोडायला निघालो. पण तपासणी नव्याने करायची तर पुरी करायला हवी, म्हणून पुढे बघत गेलो, आणि मागच्या डाव्या चाकापाशी थांबलो.

ब्रेकची रबरी नळी तडकलेली होती. गुरुवारी रागाच्या भरात मी तिथवर पोचलोच नव्हतो.

घड्याळात दहाला दहा कमी होते. या बाईला एकदा चुकून नापास केलं आणि आता खरोखर नापास करायचं होतं. क्षणभर मनात आलं, बघितलंच नाही असं समजू. ओस्मो दुसरीकडे गेला होता. मी दिवा दुसऱ्या चाकाकडे वळवला.

"डावीकडची नळी बघितलीस ना?" रायली दाराकडूनच म्हणाली. "मला आत्ता इथून दिसतेय. लिही ती."

"रायली, बारा वाजता..."

"त्या रस्त्यावर मीच असते, एर्क्की. लिही."

मी लिहिलं. मी लिफ्ट खाली घेतली, तिने गाडी आवारात भिंतीच्या आडोशाला नेली आणि मागचं दार उघडलं. टपालाच्या खोक्यांमागे एक पत्र्याचा डबा होता. त्यात नळ्या, वॉशर, पट्टे, दिवे, सगळं कागदात गुंडाळून, वर नावं लिहिलेली. तिने बर्फावर पुठ्ठा टाकला, गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं आणि आडवी झाली. उणे एकोणीस होतं. हातमोजे घालून नट फिरत नाही, म्हणून तिने ते काढले, मिनिटभर काम करायची, हात काखेत धरायची, पुन्हा पाना उचलायची. घाई नव्हती आणि एक हालचाल वाया जात नव्हती. कॉफी प्यायला बाहेर आलेली माणसं कप हातात धरून उभी राहिली. कुणी आत गेलं नाही.

अकराला सात कमी असताना तिने हाक मारली, "कुणीतरी पेडल दाबा, ब्रेकमधली हवा काढायचीय."

तपासनीसाने दुरुस्तीला हात लावायचा नाही असा नियम आहे. मी हात लावला नाही, पाय लावला. ती म्हणाली दाब, मी दाबलं. ती म्हणाली सोड, मी सोडलं. माझ्या चकचकीत गाडीला तोवर मोठ्या शहरात नेलं होतं, आणि तिथे तिचं दुखणं ओळखायलाच तीन आठवडे लागणार होते.

सव्वाअकराला मी ब्रेक पुन्हा तपासले. चारही चाकं सारखीच धरत होती. मी पासचा कागद काढला. त्यावर शेऱ्याचा एक रकाना असतो, त्यात आम्ही फक्त दोष लिहितो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यात लिहिलं: मालकिणीने स्वतः केलेलं वेल्डिंग अत्युत्तम. रायलीने वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे कशाला? कचेरीतले वाचतील आणि सगळे आपापले खटारे घेऊन माझ्या अंगणात येतील."

"येऊ देत. मी पहिला."

"तुझ्या गाडीत दुरुस्त करण्यासारखं काही नाहीच," ती म्हणाली. तिचं तोंड पहिल्यांदाच जरा सैल झालं होतं. तिने कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, काळे पडलेले हात पँटला पुसले आणि गाडी काढली.

टपालकचेरी नदीपलीकडे आहे, पूल ओलांडला की लगेच. मी पुढची गाडी लिफ्टवर घेतली, पण लक्ष घड्याळाकडेच होतं. अकरा सत्तेचाळीसला माझा फोन वाजला. रायलीने मला आजवर कधी फोन केला नव्हता, आणि तिच्याकडे माझा नंबर आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

"दिला," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी हातोडी खाली ठेवली, कपडे बदलायच्या खोलीत गेलो, दाराला कडी लावली आणि बाकावर बसून रडलो. मग तोंड धुतलं आणि बाहेर आलो. लिफ्टवरच्या गाडीचा मालक दाराशी उभा होता. त्याच्या गाडीखालीही ताजा लेप होता.

"काय काम केलंस याच्याखाली?" मी त्याला विचारलं.