न्हाणीतल्या चुलीवरची भाकरी

भुजंगला औरंगाबादच्या कॉलेजात 'माध्यम निर्मिती'च्या कोर्सला घातलं, तेव्हा अंकुशनगरच्या कारखाना वसाहतीत सगळ्यांना एकच कोडं पडलं: पोरगं शिकून नेमकं होणार काय? इंजिनिअर म्हटलं तर कळतं, मास्तर म्हटलं तर कळतं. त्याचा थोरला भाऊ रामकिसन कारखान्यात फिटर होता. तो छाती फुगवून सांगायचा, "शूटिंगचं शिकून राह्यला." लोक म्हणायचे, "मंग लग्नाचं शूटिंग करील म्हणा की," आणि रामकिसनची छाती होती तिथं यायची.

भुजंगला पाठवायचाच, हा हट्ट रामकिसनच्या बायकोचा, उषाबाईचा. सातवी शिकलेली ही बाई कारखान्यातल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवणाचे डबे पुरवायची. तिच्या हाताला चव होती, आणि चवीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे तिच्या स्वच्छतेचं नाव होतं. भुजंगचं कॉलेज त्या डब्यांवर चाललं होतं. ते त्यालाही माहीत होतं आणि साऱ्या वसाहतीलाही.

आणि उषाबाईचा गॅस! नंबर लागायला चार वर्षं गेली. शेगडी घरात आली त्या दिवशी तिनं तिला हळदीकुंकू वाहिलं, कुंकवानं स्वस्तिक काढलं, घरोघरी पेढे दिले आणि स्वयंपाकघरातली जुनी चूल आपल्या हातानं मोडून तिची माती तुळशीला घातली. उरली ती फक्त मागच्या न्हाणीतली चूल, अंघोळीचं पाणी तापवायची. तिला ना पोतेरं, ना नैवेद्य. शेजारी साबणाचं पाणी वाहतंय, ओली धुणी पडलीत, अशा जागी भाकरी कुणी टाकत नाही. हे बायांना जन्मतः कळतं आणि पुरुषांना मेल्यावरही कळत नाही. भुजंग तर कॉलेजात शिकलेला पुरुष.

कोर्सचं दुसरं वर्ष होतं, सत्त्याण्णव साल. अरुंधती मॅडमनी काम दिलं, ओळखीतल्या एका बाईवर दहा मिनिटांची फिल्म. "जे आहे तेच दाखवा," एवढंच त्यांनी बजावलं. पण भुजंगनं मॅडमपेक्षा वरच्या वर्गातल्या पोरांचं जास्त ऐकलं. कँटीनमधलं त्यांचं ज्ञान असं, की बक्षीस पाहिजे तर गरिबी दाखव. भिंत पडकी असली तर उत्तम. नसली तर पडकी शोध.

कॉलेजचा कॅमेरा दोन दिवसांसाठी घेऊन तो घरी आला. वहिनी तयारच होती. नवं हिरवं लुगडं, तोंडाला पावडर, शेगडी घासून आरशासारखी केलेली.

"कुठून सुरू करता भाऊजी? शेगडीपासूनच करा. हिचा मान पयला."

भुजंगनं कॅमेऱ्यातून पाहिलं. चकचकीत शेगडी, ओळीनं मांडलेले डबे, हसरी बाई. हे कोण बघणार? त्याचं तोंड पडलं.

"वहिनी, चुलीवर भाकरी करा ना. गॅस नको."

"चूल? चूल तर न्हाणीतच हाय. तिच्यावर कुनी भाकर करतं का?"

"पिक्चरमधी कुणाला कळतं कोणती चूल हाय ते! आन् हे लुगडं नको, जुनं नेसा. पऱ्हाट्या थोड्या ओल्या लावा, धूर बराबर दिसला पाहिजे."

उषाबाई आत गेली, जुनं लुगडं नेसून आली, पावडर पुसली आणि न्हाणीत बसली. दिराच्या शिक्षणाचं काम होतं. कपाशीच्या त्या ओल्या पऱ्हाट्यांनी असा धूर केला की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भुजंग खूश झाला.

"आता म्हणा, धुरानं मपले डोळे गेले."

"मपले कुठं गेले? मपल्या मायचे गेले. शेवटची आठ वर्षं तिला मपलं तोंड दिसलं न्हाई. म्हणून तर मी गॅससाठी नंबर लावून बसले, भाऊजी. तेच सांगू का?"

"त्याचं लांबण लागंल, वहिनी. दहाच मिनिटं हायेत."

तिनं ते वाक्य म्हटलं. विझलेल्या चुलीपासून उठताना फक्त एवढं विचारलं, "हे इकडं कुनाला दाखवनार न्हाई ना? बाया काय म्हनतील! डबे जातेत मपले घरोघरी."

"बिलकुल न्हाई. सर लोक बघतेत आन् कपाटात ठेवतेत."

झाकली मूठ झाकलेलीच राहायची असती तर गोष्ट इथंच संपली असती. पण फिल्मला कॉलेजात पहिलं बक्षीस मिळालं. अरुंधती मॅडम पाहताना रडल्या. अंबडच्या एका महिला मंडळाशी त्यांची ओळख होती. त्यांनी परस्पर ठरवलं की फिल्म तिथं, उषाबाईंच्याच माणसांसमोर दाखवायची आणि त्यांचा सत्कार करायचा. साडी-चोळी, शिवाय भेट म्हणून पत्र्याची एक निर्धूर चूल. भुजंगला कळलं तेव्हा पत्रिका छापून झाल्या होत्या. रामकिसननं वसाहतीत एकही घर सोडलं नव्हतं.

औरंगाबादहून अंबडला येताना एसटीत तो मॅडमच्या शेजारी बसला होता. आता सांगू, मग सांगू असं करत जालना गेलं. तो म्हणाला, "मॅडम, एक बोलायचं होतं..."

"आधी माझं ऐक. पुण्याच्या एका फिल्म बनवणाऱ्या संस्थेला मी तुझ्यासाठी पत्र लिहिलंय. त्यात लिहिलंय, मुलगा अतिशय प्रामाणिक आहे. हं, तू काय म्हणत होतास?"

"काही नाही. खिडकी लावू का, धूळ येतीय."

खिडकी आधीच लावलेली होती.

शाळेचा हॉल बायकांनी भरला होता. पहिल्या रांगेत उषाबाई, तेच हिरवं लुगडं नेसून, मांडीवर हात घट्ट धरून बसलेली. तिच्या मागं वसाहतीतल्या बाया आणि त्यांत शेजारची साळूबाई, जिच्या नजरेतून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातली मुंगी सुटत नसे. टीव्ही लागला, कॅसेट सुरू झाली. धुरात बसलेली उषाबाई दिसली. भाकरी थापल्याचा आवाज आला. दोन मिनिटं सगळे शांत.

"अगं बया!" साळूबाईचा आवाज हॉलभर गेला. "ही तर न्हाणीतली चूल!"

एक बाई फिसकन हसली. मग दुसरी, मग रांगच्या रांग. "मंग गॅस काय पुजायला आनला का?" "अन् डबे? डब्यातल्या भाकरीबी तिथल्याच का?" हे शेवटचं बेबीनंदा बोलली. तिचा भाऊ उषाबाईच्या डब्यावर जेवायचा. ती हसत नव्हती.

मॅडमना वाटलं, बायकांना आपलं घर पडद्यावर ओळखू आलं म्हणून त्या हसताहेत. भुजंग टीव्हीजवळ उभा होता. त्याला कॅसेट बंद करता आली असती. बटण हाताच्या अंतरावर होतं. त्याला इतकी लाज वाटली की ती लपवण्यातच त्याची सगळी शक्ती गेली, आणि तो आवाज नीट करायचं सोंग करत वाकून राहिला.

मग सत्कार. मॅडमनी माईक उषाबाईपुढे धरला. "उषाताई, किती वर्षं तुम्ही ह्या धुरात स्वयंपाक करताय?"

मागच्या बायांनी माना पुढं काढल्या. उषाबाईनं एकदाच भुजंगकडे पाहिलं. रागानं नाही. तो आता बोलेल, अशा भरवशानं पाहिलं. भुजंगनं खाली पाहिलं.

"लगीन होऊन आले तव्हापासून, मॅडम," उषाबाई म्हणाली, आणि तिनं ती पत्र्याची चूल दोन्ही हातांनी घेतली. टाळ्या मंडळाच्या बायांनी वाजवल्या. वसाहतीच्या बायांनी नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण मॅडम म्हणाल्या, "चला, उषाताईंच्या घरी चहा घेऊ. ती चूल मला बघायचीय." मंडळाची जीप होती, ती हॉल आवरल्यावर निघणार होती. उषाबाईनं रामकिसनच्या कानात काही सांगितलं आणि दोघं लूनावर पुढं निघून गेली. ती मागं बसलेली, गळ्यात हार, मांडीवर चूल.

जीप पोचली तेव्हा दारातच धूर आला. ओट्यावर शेगडी नव्हती. सिलिंडरही नव्हतं. कोपऱ्यात गोधड्यांचा ढीग होता आणि त्याच्या खालून रबरी नळीचं टोक बाहेर आलं होतं. मागं न्हाणीत, सत्काराच्या हारासकट, उषाबाई चुलीपुढं वाकून फुंकणीनं फुंकत होती. डोळे लाल झाले होते.

"बसा मॅडम. होतोच चहा."

ज्या बाईनं आयुष्यात पुन्हा चुलीपुढं बसणार नाही म्हणून आपल्या हातानं चूल मोडली, ती त्याचा शब्द खाली पडू नये म्हणून फुंकत होती. भुजंगला ते पाहवेना. धुरकट चहाचे कप आले. मॅडमनी रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बघ भुजंग, हे असं जगणं—"

त्यानं कप खाली ठेवला, कोपऱ्यात गेला आणि गोधड्या एकेक करून ओढल्या. शेगडी उघडी पडली. कुंकवाचं स्वस्तिक तिच्यावर अजून होतं.

"मॅडम, वहिनी गॅसवर स्वयंपाक करते. तीन वर्षं झाली. ह्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापतं. मीच तिला बसवलं, मीच ते वाक्य म्हणायला लावलं. धुरानं डोळे हिच्या आईचे गेले होते. ते ती सांगत होती, मी सांगू दिलं नाही."

मॅडमनी शेगडीवरच्या स्वस्तिकाला बोट लावलं. "हीच फिल्म होती, भुजंग," त्या हळूच म्हणाल्या. "जी तू काढली नाहीस ती." मग त्यांनी कप उचलून न्हाणीच्या दारात ठेवला आणि उषाबाईंना हात जोडले. पुण्याच्या पत्राचं त्या काही बोलल्या नाहीत. ते त्यानं विचारलंही नाही.

भुजंगला जरा हलकं वाटलं. खरं बोललो, सुटलो, असं. तेवढ्यात उषाबाई फुंकणी टाकून उठली, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच दिरावर कडाडली.

"आता काय बोलून राह्यले भाऊजी? मॅडम तर आज रातीच्या गाडीनं जातील! मपल्या अब्रूचा पंचनामा झाला तो त्या हॉलात. समद्या बाया व्हत्या तिथं. मी तुमच्या तोंडाकडं पाह्यलं, तव्हा कामून न्हाई बोलले? बेबीनंदानं भावाचा डबा बंद केला, हॉलाच्या पायरीवरच सांगितलं तिनं. उद्या बाकीचे करतील. मॅडमनी माफ केलं तर मपले डबे परत येतेत का?"

दारात उभ्या रामकिसननं भावाकडं पाठ फिरवली.

"मंग जावा," उषाबाई म्हणाली. तिचा आवाज आता बसला होता. "साळूबाईचं दार उघडंच हाय. शिकलेल्या माणसाला सांगणं सोपं असतं. तिला सांगून दाखवा."

दोन घरांमध्ये हातभर उंचीची भिंत होती. लहानपणी भुजंग ती टांग टाकून ओलांडायचा. आज तो वळसा घालून गेला. साळूबाई उंबऱ्यात बसून सुपात तूर पाखडत होती. तिनं वर पाहिलं, सूप थांबवलं नाही.

"मावशी," तो म्हणाला, "ती चूल न्हाणीचीच व्हती."

"ते मला ठाव हाय. मपले डोळे शाबूत हायेत. त्यापायीच तर आम्ही बाया तिचे डबे बंद करायला निघालो." सुपातला कचरा तिनं अंगणात उडवला. "पण उषा तिथं आपल्या मनानं बसायची बाई न्हाई. हे वंगाळ काम तिला करायला लावलं कोनी?"

भुजंगनं मागं पाहिलं. भिंतीपलीकडं उषाबाई उभी होती. हार अजून गळ्यातच होता.

"मी," तो पुटपुटला.

साळूबाईनं सूप खाली ठेवलं.

"मोठ्यानं बोल. मपल्या सुना आत हायेत."