मिशीची डावी बाजू

बाबांच्या मिशीला घरात मत होतं. सहल, सोफा, थोरलीचं लग्न, कुठलाही विषय निघाला की बाबा मिशीला पीळ देत आणि पीळ पुरता बसला की निर्णय लागे. शाळेत त्यांनी हयातभर कवायत शिकवली. गळ्यात शिट्टी असायची, पण पोरं सरळ व्हायची ती मिशीकडे बघून.

असे बाबा शिडी न घेता बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि दोन्ही मनगटं मोडून खाली आले. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. मिशीला पीळ नाही, कात्री नाही. ती हळूहळू चहाच्या कपात उतरू लागली. आणि आज संध्याकाळी पैलवान भेटायला येणार होते, बाबांचे जुने दोस्त, त्यांना ‘वाघ’ म्हणणारे.

"जरा नीट करून दे," बाबा चिरंजिवांना म्हणाले. "तुझ्याकडे नटीइतकं सामान आहेच."

चिरंजिवांच्या कपाटात तोंडासाठी स्वतंत्र कप्पा होता: सकाळचं क्रीम, रात्रीचं क्रीम, डोळ्यांखालचं, आणि मुरमांचे खड्डे झाकायचं. "पुरुषाच्या तोंडाला पाणी पुरतं," हे त्या कप्प्यावरचं बाबांचं सगळ्यात सौम्य वाक्य. बाकीची पाहुण्यांसमोर असायची.

चिरंजिवांनी बाबांना खुर्चीत बसवलं, गळ्याशी टॉवेल बांधला आणि ट्रिमर सुरू केला. काल स्वतःची दाढी कोरताना पुढचा, केस राखणारा प्लास्टिकचा कंगवा काढला होता, तो परत लावायचा राहिला. एकच खर्र. उजवी मिशी टॉवेलवर.

बाबांचे डोळे मिटलेले. आई चहा घेऊन आली ती दारातच थिजली. "अगं बाई!"

"काय झालं गं?"

"काही नाही. चहा फार गरम आहे."

खरं तर इथं ट्रिमर बंद करून बोलायला हवं होतं. चिरंजिवांनी तो डावीकडे नेला. डावी बाजू त्यांनी सावकाश, मन लावून काढली आणि काढताना त्यांना बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.

मग टॉवेलनं ओठ पुसला आणि ते बरं वाटणं जागच्या जागी विरलं. ओठापासून नाकापर्यंत एक शिवण होती. लहानपणी कुणीतरी घाईत घातलेले वाकडेतिकडे टाके.

"लग्न ठरताना मला दाखवलं होतं," आई अगदी हळू म्हणाली. "मिशी वर करून. एकदाच."

बाबांनी डोळे उघडले. "आरसा आण."

"नंतर बघा ना, बाबा."

"मघापासून ओठाला वारा लागतोय. आण."

आरशासमोर बाबांचा हात सवयीनं वर गेला आणि प्लास्टर हनुवटीवर आपटलं.

"वर्गात ‘फाटका’ म्हणायचे मला," बाबा आरशातल्या माणसाला म्हणाले. "मिसरूड फुटलं, मग थांबले."

"चुकून झालं, बाबा. कंगवा लावायचा राहिला."

"उजवीचं कळलं. आणि डावी?"

‘अर्धी कशी ठेवणार’ असं म्हणता आलं असतं. चिरंजिवांनी कंगवा शोधून ट्रिमरला लावला.

बाबांनी आरशात तोंड या बाजूला, त्या बाजूला वळवून पाहिलं. मग म्हणाले, "ते तुझं खड्डे झाकायचं... शिवणीवर चालतं का?"

चिरंजिवांनी बोटाच्या टोकावर थेंब घेतला आणि टाक्यांवरून टिपत टिपत लावला. लग्नाआधीच्या आईनंतर त्या जागी पोहोचलेलं हे पहिलंच माणूस.

"इतकं हळू का लावतोस?"

"दुखेल म्हणून."

"आता नाही दुखत. पण नीट लाव."

पाचला पैलवान आले आणि उंबऱ्यातच अडखळले. "वाघा! मिशी कुठाय?"

"मीच काढायला लावली पोराला," बाबा म्हणाले. "चहात जायची."

पैलवानांनी चष्मा लावून न्याहाळलं. "पण तोंडावर तेज आलंय रे. काय लावतोस?"

"पाणी."

आई हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली. चिरंजीव टॉवेल झटकायला गॅलरीत गेले. पैलवान चहा पिऊन निघून गेले, तरी टॉवेल न झटकता, मिशीसकट घडी करून चिरंजिवांच्या हातात होता.