उघाडीवरची मुकादम

डोळ्यांपुढे आणून बघा, मुलांनो: एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मधोमध मातीचा लांबलचक बांध. बांधावर बारा खांब आणि प्रत्येकावर साबणाच्या वडीएवढी एक डबी. खाडीचं पाणी किती चढलं हे डब्या एकमेकींना हवेतून सांगतात, तेही हळू आवाजात, कारण हळू बोललं की बॅटरी कमी खर्च होते. बाकी अकराजणींचं ऐकून लांब गावातल्या टॉवरला ओरडून सांगायचं काम मात्र एकीचं. ती त्यांची मुकादम.

"ओरडून ओरडून तिचा जीव जातो, काका," डब्या बसवणारी जवेरिया म्हणाली होती. "म्हणून रोज नवी मुकादम."

बांधाचे राखणदार धर्माजी हसले. "रोज मुकादम बदलला तं काम कोन करंल? आमच्या उघाडीवरची डबी कायमची कर. मी तिथंच बसतो, लक्ष ठेवीन." शेतातलं पाणी खाडीत सोडायचं आणि खाडीचं अडवायचं दार म्हणजे उघाडी. धर्माजींची चाळीस वर्षं तिथेच गेली होती.

"लक्ष ठेवून बॅटरी भरत नाही, काका."

"वर उन्हाची पाटी हाय ना?"

"आणि पावसाळ्यात?"

"तू लय प्रश्न इचारतेस, बाय."

गाव धर्माजींच्या बाजूने बोललं. जवेरियाचा नाइलाज झाला.

आषाढात सहा दिवस ऊन पडलं नाही. अवसेला भर दुपारी उधाण आलं. धर्माजी उघाडीवर बसून होते, मोबाइल मांडीवर; धोक्याचा निरोप टॉवरकडून त्यावरच यायचा. मोबाइल गप्प होता. बांधावरची जुनी रीत अशी, की राखणदाराची हाळी आली नाही म्हणजे बांध शाबूत. त्यांनी निवांत तंबाखू मळली.

नात भक्ती चिखलातून धावत आली. "आबा, आठ नंबरजवळ बांध फुटलाय. पानी शेतान शिरतं."

"न्हाय गं. मोबाइल वाजला असता."

भक्तीने त्यांच्या डोक्यावरच्या डबीकडे पाहिलं. तिचा बारीक दिवा विझला होता.

"आबा, ही तं मेली."

धर्माजी पोचले तेव्हा भगदाडातून बैलगाडी गेली असती. तासाभरापूर्वी चार गोणी मातीने भागलं असतं. आता गावातली हाताशी यावीत अशी माणसं न्हावा शेव्याच्या बंदरात कामावर होती. त्यांनी एकट्याने एक गोणी लोटली; पाण्याने ती पानासारखी उचलून नेली. खारं पाणी लावणीवर चढत गेलं. ते एकदा जमिनीत मुरलं की तीन वर्षं भात नाही, पंधरा घरांना नाही.

"मीच सांगितलं होतं जवेरियाला," गुडघाभर पाण्यात उभे राहून धर्माजी म्हणाले. पुन्हा तेच म्हणाले.

भगदाडाच्या काठावर आठ नंबरची डबी अजून लुकलुकत होती. मिनिटामिनिटाला ती सांगत होती, पाणी चढलं, पाणी चढलं. सकाळपासून सांगत असावी.

भक्ती खांबाजवळ गेली. दोन्ही हातांची ओंजळ तिने डबीभोवती धरली आणि तोंड अगदी जवळ नेऊन म्हणाली, "ऐकलं, बाय. आमी ऐकलं. आता गप ऱ्हा."