थोरलीच्या मांडीतली तंतुकणिका

मित्रांनो, मी एक तंतुकणिका आहे, म्हणजे पेशीत राहणारी मायटोकॉन्ड्रिया. साध्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आधीच ओळख करून दिलेली बरी. माझे वय काही आठवड्यांचे, म्हणजे आमच्यात मी म्हातारीच. राहते एका बाईच्या मांडीच्या स्नायूत. ती रुग्णालयात आया आहे आणि घरात थोरली सून, म्हणून मी तिला थोरलीच म्हणते.

माझे काम ऐका. जेवणातली साखर रक्तातून पेशीत येते. तिथे तिचे दोन तुकडे होतात, पण त्यातून ऊर्जा मिळते ती चिमूटभर. ते तुकडे माझ्याकडे आले की प्राणवायूच्या मदतीने मी ते सावकाश, ज्योत न पेटवता जाळते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते, आणि भरपूर ऊर्जा एटीपी नावाच्या कणांत भरली जाते. त्याच कणांवर स्नायू हलतो. लोक म्हणतात, श्वसन छातीत होते. अहो, छाती नुसती हमाली करते, खरा कारखाना इथे आहे!

एका सकाळी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून थोरलीचे धाकट्या जावेशी वाजले. धाकटीचे दिवस भरत आले होते, तरी तोंड थकले नव्हते. थोरली तणतणत उपाशीपोटीच कामावर गेली. आम्ही स्नायूत साठवलेल्या साखरेवर दिवस रेटू लागलो.

दुपारी धाकटीलाच घाईघाईने त्याच रुग्णालयात आणले. पोटातल्या बाळाचे ठोके मंदावत होते. शस्त्रक्रियेची खोली वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. थोरलीने आणखी कुणाची वाट पाहिली नाही. एका नर्सला पुढे ओढायला लावून रॅम्पवरून ती मागून स्ट्रेचर ढकलू लागली, दातओठ खाऊन, श्वास रोखून.

मला असा राग आला! साखर दारात आणि प्राणवायूचा पत्ता नाही. पेशी साखर नुसती तोडून वेळ मारून नेऊ लागली, पण ते कितीसे पुरणार? मांड्या भरून आल्या. वळणावर स्ट्रेचर थांबले आणि मागे सरकू लागले.

"जाऊबाई, माझं बाळ..." धाकटी कळवळली.

"काही होत नाही त्याला. मी आहे ना!"

पुढून ओढणारी नर्स ओरडली, "अहो, आधी श्वास घ्या! तोंड उघडा!"

थोरलीने भलामोठा श्वास घेतला, मग आणखी एक. प्राणवायू आला आणि आम्ही असंख्य जणी कामाला भिडलो. स्ट्रेचर हलले, चढले, दारातून आत गेले. थोरली भिंतीला टेकून धापा टाकत राहिली आणि मी तिच्यासाठी राबत राहिले. आयुष्यात इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

म्हणून सांगते मित्रांनो, खुशाल भांडा, पण जेवणावर राग काढू नका. आणि ओझे ढकलताना श्वास कोंडू नका. आम्ही राबायला तयार असतो, आम्हाला फक्त हवे ते मिळू द्या.

बऱ्याच वेळाने आतून रडणे ऐकू आले. थोरलीने बाळाला जवळ घेतले, तर त्याने तिला सणसणीत लाथ मारली.

"आईवर गेलंय!" ती हसता हसता रडू लागली.

खरेच होते ते. आम्ही तंतुकणिका प्रत्येकाला आईकडूनच मिळतो. त्या इवल्याशा मांडीत धाकटीच्या तंतुकणिका कामाला लागल्या होत्या.