थांबवून ठेवलेले अपडेट

भिंगरीचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, चष्म्याची भिंगे घासत. आजोबा, म्हणजे माझे यजमान, फोटो काढून घरच्याच अंधाऱ्या खोलीत धूत. वडील, म्हणजे माझा मुलगा, रुग्णालयात एक्स-रे काढतो. चौथ्या पिढीची ही माझी नात लॅपटॉपवर माणसांच्या हाडांच्या प्रतिकृती घडवते आणि कुठे कापायचे ते शल्यचिकित्सक त्या पाहून ठरवतात. डोळ्यांवर पोट भरणारे घराणे आहे आमचे. सून म्हणून मी त्यात आले, आणि आता माझ्या शब्दाशिवाय तिथे पान हलत नाही.

त्या दिवशी एका बाईच्या जबड्याची प्रतिकृती चार वाजेपर्यंत पाठवायची होती; दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया. दीड वाजता भिंगरी जेवून उठली, लॅपटॉप उघडला, आणि जबड्याच्या जागी हिरव्या-जांभळ्या पट्ट्या थरथरू लागल्या. तिने लॅपटॉप बंद करून चालू केला. पट्ट्या तशाच. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. तो उघडताच आपोआप मिटला. फाइल सुरक्षित होती, पण ती उघडेल असा दुसरा लॅपटॉप घरात नव्हता. अडीच वाजले.

कारण मला ठाऊक होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट रोज उगवे, ‘आत्ता अपडेट करायचे का’ असे अदबीने विचारी, आणि ही रोज ‘नंतर’ दाबी. कामे लोंबकळत ठेवलेली मला खपत नाहीत. ती जेवत असताना मी ‘आत्ता’ दाबले होते.

पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम जो करतो तो ड्रायव्हर बदलला की अशा पट्ट्या येतात, असे ती पुटपुटली. पण नव्या ड्रायव्हरचे या प्रोग्रॅमशी पटत नाही म्हणून अपडेट तिने मुद्दाम थांबवून ठेवले होते. तेव्हा ते कारण नव्हे.

"कुणी हात लावला होता का?" तिने विचारले.

खोलीत मी होते आणि माझ्या नणंदबाई. मी पदर सारखा केला. नणंदबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले. ती नजर मला जुनी ओळखीची होती.

"माझ्या हातून पडला गं," त्या म्हणाल्या. "टेबल पुसताना."

एकोणीस वर्षांची नवी सून असताना मी त्या अंधाऱ्या खोलीचे दार उघडले होते. उजेड शिरून एका शाळेच्या साऱ्या वर्गांचे फोटो वाया गेले. दार कोणी उघडले, असे सासऱ्यांनी विचारताच तेरा वर्षांच्या वन्सं "मी" म्हणाल्या. फोटो धुण्यात त्यांचा हात यजमानांपेक्षा हलका होता. सासऱ्यांनी त्यांना त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकू दिले नाही. त्या दिवशीही मी पदरच सारखा केला होता.

भिंगरीचा चेहरा उतरला. पडला असेल तर आतली चिपच गेली असणार. दुरुस्तीवाल्याने फोनवर दोन दिवस सांगितले. तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि शस्त्रक्रिया पुढे ढकला म्हणून सांगायला डॉक्टरांचा नंबर शोधू लागली. तीन वाजून दहा मिनिटे झाली होती.

"फोन ठेव," मी म्हणाले. "तो पडलेला नाही. अपडेट मी केलं."

तिने माझ्याकडे जसे पाहिले तसे आजवर कोणी पाहिलेले नाही.

"आजी, इतका वेळ तू गप्प होतीस?"

"होते."

लॅपटॉप बाहेर काढून कुठल्याशा यादीतून तिने ड्रायव्हर शोधला आणि जुना परत बसवायला घेतला. पडदा काळा झाला. काळाच राहिला. आम्ही तिघी उभ्या होतो. मग उजळला, आणि जबडा उमटला, दातांसकट. उरलेले काम उरकून चार वाजायला सात मिनिटे असताना तिने फाइल पाठवली.

"कशाला बोललात, वहिनी?" नणंदबाई हळूच म्हणाल्या. "मी सांभाळलं असतं."

"तुमचं सांभाळणं महागात पडतं, वन्सं. आज त्या बाईची शस्त्रक्रियाच लांबली असती."

मग मी भिंगरीला जवळ बोलावले आणि त्या दाराची हकीकत तिच्यासमोर, उभ्यानेच, सांगितली.

"आणि एक," मी नणंदबाईंना म्हणाले. "आत येऊ नका म्हणून सांगणारा दारावरचा लाल दिवा लागलेला मी पाहिला होता. मला थांबायचं नव्हतं, म्हणून उघडलं. तुमची खोली माझ्यामुळे गेली."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"दिव्याचं ठाऊक नव्हतं मला. अजून काही राहिलंय?"

"नाही."

"मग फिटलं," त्या म्हणाल्या, आणि जबडा फिरवून दाखव म्हणून भिंगरीच्या मागे लागल्या. पडद्यासमोरच्या खुर्चीपाशी मी उभी होते. वन्संसाठी मी बाजूला झाले.