साडेचारचा वारा

"आला बघ," चेन्सा म्हणाली आणि हातातला टोमॅटो अर्धा चिरलेला तसाच टाकून उठली.

मागच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाची पाने उलटून त्यांची फिकट बाजू दिसू लागली होती. साडेचारला पाच मिनिटे कमी होती. बाहेर पारा एक्केचाळीसवर होता. घराच्या सगळ्या खिडक्या सकाळी आठपासून बंद होत्या, पडदे ओढलेले होते आणि आत दिवसाढवळ्या अंधार होता. आता तिने एकेक खिडकी उघडायला घेतली. आधी स्वयंपाकघरातली, मग बोळातली, मग बैठकीतल्या दोन्ही आणि सर्वांत शेवटी झोपायच्या खोलीतली, जिच्याखाली विस्तीनचा पलंग होता. हा क्रम तिने या घरातल्या सेहेचाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. शेवटची खिडकी उघडली की वारा घरातून आरपार जायचा आणि विस्तीन, तिचा नवरा, डोळे मिटून म्हणायचा, "समुद्र आला घरी." त्या दिवशीही तो तसेच म्हणाला.

दोन तासांनी त्याला रुग्णवाहिकेतून न्यावे लागले.

सिडनीच्या पश्चिमेला पेंडल हिलमध्ये त्यांचे घर होते आणि तिथून समुद्र चांगला चाळीस किलोमीटर लांब. दोघे माल्टातल्या एकाच कोळीवाड्यातले. तिथे कुठल्याही गल्लीत शिरा, टोकाला पाणीच. विस्तीन सतरा वर्षांचा असताना बोटीने इकडे आला. आधी मामाच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये राबला आणि तिथल्या धुळीत फुप्फुसे अधू करून बसला. मग तीस वर्षे अंड्यांचा ट्रक घेऊन पहाटे शहरात जायचा. चेन्सा त्याच्याशी लग्न करून मागाहून आली. पहिल्या उन्हाळ्यात ती रडायची, कारण या सपाट, तापलेल्या मुलखात कुठूनच समुद्र दिसत नव्हता. मग एका संध्याकाळी तिच्या लक्षात आले की समुद्र दिसत नसला तरी उशिराने का होईना, तो भेटायला येतो. दुपारी किनाऱ्यावरून निघालेला वारा साडेचार-पाचला त्यांच्या दारात पोचतो.

चेन्साने आयुष्यात काही काम केले नाही, असे जनगणनेच्या कागदावर दर वेळी लिहिले गेले. तिला त्याचे काही वाटले नाही. घर थंड कसे ठेवायचे, हे तिच्याइतके त्या रस्त्यावर कुणाला कळत नव्हते आणि हे सगळ्यांना मान्य होते. कुठला पडदा किती वाजता ओढायचा, फरशीवर ओले फडके कधी फिरवायचे, खिडकी कधी उघडायची याचे तिचे गणित पक्के असे. समोरची नुहाद, जी लेबनॉनहून येऊन तीस वर्षे झाली तरी सकाळसंध्याकाळ फाटकाशी उभी राहून भांडल्यासारखी बोलायची, ती स्वतःच्या घरातला उकाडा सोसत बसे, पण चेन्साची खिडकी उघडल्याशिवाय आपली उघडत नसे. तिच्या शेजारच्यांचेही तसेच. चेन्साला याचा गर्व होता. स्वयंपाकघरात चर्चने दिलेले कॅलेंडर टांगलेले असे, त्यावर ती प्रत्येक कडक उन्हाच्या दिवशी पारा लिहायची आणि त्याखाली वारा किती वाजता आला ते.

पूर्वी असे दिवस उन्हाळ्यात चार-पाच यायचे आणि लक्षात राहायचे. मुलीच्या, मार्तीजच्या, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचा उकाडा, नुहादचे कुत्रे बेशुद्ध पडले तो उकाडा. आता फेब्रुवारी संपेपर्यंत कॅलेंडरच्या चौकटी भरून जात होत्या आणि आठवणीत ठेवावा असा एकही दिवस उरला नव्हता. तीन उन्हाळ्यांत विस्तीनला चार वेळा न्यावे लागले. प्रत्येक वेळी तरुण डॉक्टर म्हणाले, ऊन बाधले, वय झाले, पाणी जास्त पाजत जा. चेन्सा मान हलवायची आणि मनात स्वतःला बोल लावायची, खिडक्या जरा आधी उघडल्या असत्या तर बरे झाले असते.

या चौथ्या खेपेला छातीच्या दवाखान्यात लिगाया नावाची नर्स होती. फिलिपिन्सची, पन्नाशीची, घाई नसलेली. बाकी सगळ्यांनी विचारले होते त्रास कसा होतो. तिने विचारले, त्रास सुरू व्हायच्या आधी घरात काय चालले होते. चेन्साने मोठ्या अभिमानाने सांगितले. पडदे, ओले फडके, लिंबाची पाने, शेवटची खिडकी. लिगायाने पेन खाली ठेवले.

"आणि तुमच्या फोनवर इशारा येत नाही का हवेचा?"

"येतो तर. लेकीने लावून दिलाय. आदल्या दिवशी येतो, उद्या ओझोन वाढणार म्हणून."

"मग?"

"मग काय? चांगलंच आहे ना ते. उन्हानं ह्याच्या नाकावर आलेल्या दोन गाठी कापल्यात. ते वर आभाळाला भोक पडलंय, शाळेत पोरांना टोपीशिवाय खेळू देत नाहीत, ते ओझोन कमी झालं म्हणूनच ना? आता वाढतंय म्हटल्यावर मला बरं वाटायचं."

लिगाया हसली नाही. हसली असती तर चेन्साने तिला कधीच माफ केले नसते. तिने खुर्ची जवळ ओढली आणि सांगितले की ओझोन वर, फार उंच असतो तेव्हा छत्रीसारखा कामाला येतो. तोच खाली, नाकातोंडाजवळ आला की छातीच्या आतली कातडी सोलतो. शहरातल्या लाखो गाड्यांचा धूर सकाळी वर जातो. दिवसभर ऊन त्याला शिजवते आणि त्यातून हा खालचा ओझोन तयार होतो. ऊन जितके कडक आणि जितके लांबते तितका तो जास्त शिजतो, म्हणून हल्ली असे दिवस वाढलेत. मग दुपारी समुद्राचा वारा उठतो, शहरावरून येतो आणि ते सगळे पश्चिमेला ढकलतो.

"आमच्याकडं," चेन्सा म्हणाली.

"तुमच्याकडं. दुपार टळल्यावर. दिसत नाही आणि वासही येत नाही."

"म्हणजे मीच खिडकी उघडून..."

"असं नका म्हणू. वाऱ्यामुळंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. ऊन होतंच. पण उन्हानं थकलेलं शरीर आणि त्यात ही हवा, दोन्ही एकत्र आली की एकेकट्यापेक्षा वाईट. त्या दिवशी खिडक्या लावून ठेवा, खोलीतलं थंड हवेचं यंत्र चालू ठेवा. दिवस मावळून तास-दीड तास झाला की उघडा."

घरी येऊन चेन्साने जुनी कॅलेंडरे काढली. ती कॅलेंडरे कधी टाकत नसे, त्यांवर संतांची चित्रे असत. रुग्णवाहिका आलेल्या चारही दिवसांना तिने निळ्या पेनाने गोल केला होता. चारही गोलांत पाऱ्याखाली वाऱ्याची वेळ होती. चार पंचवीस. चार वाजून पन्नास. चार पस्तीस. पाच वाजता, आणि पुढे तिच्याच हाताने लिहिलेले, "सुंदर".

विस्तीन घरी आला, पण तिने त्याला काही सांगितले नाही. तीन दिवस गेले, मग आठ. ती रोज मनाशी ठरवायची आणि रोज पाव कापून त्यावर टोमॅटो चोळून, वर तेल सोडून त्याच्यापुढे ठेवायची आणि गप्प बसायची. चर्चमध्ये जाऊन पाद्र्यापुढे कबूल करावे असेही तिला वाटले. पण पाद्री दोन मिनिटांत क्षमा करून मोकळा झाला असता. ज्याच्या छातीत ती हवा गेली त्याने क्षमा करायला हवी होती, आणि त्याने नाही केली तर काय, हे तिला कळत नव्हते. एक्कावन्न वर्षांच्या संसारात नवऱ्याला सांगायची भीती वाटावी असे तिच्याकडे आजवर काहीच नव्हते.

नवव्या दिवशी पारा त्रेचाळीसला गेला.

तिने सकाळी आठला घर बंद केले. लेकीने बसवलेले यंत्र झोपायच्या खोलीत सुरू केले. विस्तीन त्याला पेटी म्हणायचा आणि त्याचा त्याला मनापासून राग होता. दुपारभर तो उशांना टेकून अर्धवट झोपत राहिला. साडेचारच्या सुमाराला चेन्सा स्वयंपाकघरात उभी राहिली. लिंबाची पाने उलटली. तिचा हात कडीकडे गेला, सवयीने, आणि तिने तो ओट्यावर दाबून धरला. वाऱ्याने काचेवर फांदी घासली. कुणीतरी ओळखीचे दार वाजवते आहे आणि आपण आत श्वास रोखून बसलो आहोत, असे तिला वाटले.

"चेन्सा," आतून विस्तीनचा आवाज आला. "आला ना?"

ती आत गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. तिला जे सुचले ते तिने सांगितले, उलटसुलट, आधी कॅलेंडर, मग धूर, मग लिगाया, मग आभाळातले भोक. शेवटी म्हणाली, "चारही वेळा मीच उघडली खिडकी. मीच तुला आजारी पाडलं."

विस्तीनने थोडा वेळ श्वास गोळा केला. हल्ली लांब वाक्य बोलायचे तर त्याला आधी तयारी करावी लागे.

"म्हणजे तीस वर्षं मी ट्रकनं शहरात जो धूर सोडला तो आता घरपोच परत येतोय म्हण की."

"चेष्टा नको करूस."

"चेष्टा नाही. मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"ओझोनबिझोन नव्हतं ठाऊक. पण वारा आला की छाती आवळते एवढं कळत होतं. दोन-तीन उन्हाळे झाले."

"मग मुकाट्यानं पडून राहिलास? तोंड नव्हतं तुला?"

"होतं. पण तू ती खिडकी उघडायचीस ना, तेव्हा तुझा चेहरा..." तो थांबला. पुन्हा श्वास घेतला. "बोटीतून उतरलीस त्या दिवशी धक्क्यावर होता तसा दिसायचा. दिवसभर उकाड्यात राबून तुला तेवढंच मिळायचं. म्हटलं, असू दे. जरा छाती दुखली तर काय."

चेन्साला त्याचा इतका राग आला की तिने त्याच्या हातावर चापट मारली, आणि मग तोच हात धरून ती रडली. लग्न झाल्यापासून ती त्याच्यासमोर इतकी कधी रडली नव्हती. विस्तीनने तिला रडू दिले. तिच्या केसांवरून हात फिरवायचा त्याने प्रयत्न केला, पण हात लवकर थकला आणि तिच्या खांद्यावर तसाच राहिला.

फाटकातून नुहादची हाक आली तेव्हा पाच वाजून गेले होते. चेन्साने डोळे पुसले आणि पुढचे दार जेमतेम हातभर उघडले. वारा आला नाही का, की तुम्ही दोघे मेलात, असे नुहाद विचारत होती. तिच्या घरात भट्टी झाली होती, पंखाही गरम हवा टाकत होता. चेन्साने तिला वारा आल्याचे सांगितले आणि खिडक्या का उघडायच्या नाहीत तेही, जमेल तसे सांगितले. नुहादला धड पटले नाही. हा डॉक्टरांचा नवा खुळचटपणा असेल, असे तिचे मत पडले. "पण तू लावून बसली असशील तर मी कशाला उघडू," एवढे म्हणून ती तणतणत परत गेली. चेन्साने तिला हाक मारून थांबवले आणि सांगितले की आमच्या पेटीखाली जागा आहे, इकडे येऊन बस. नुहाद म्हणाली, हातातले काम उरकून बघते.

लिंबाच्या झाडाला बांधलेल्या दोरीवर चादरी वाळत होत्या, त्या आणायला चेन्सा मागच्या दाराने बाहेर पडली आणि लगेच दार ओढून घेतले. अंगणात वारा होता. थंड, भरपूर, नेहमीइतकाच चांगला. तो तिच्या मानेवरून गेला, झग्यात भरला, आणि तिला त्याचा राग आला नाही. त्याचा काय दोष. तो बिचारा समुद्रावरून निघताना स्वच्छच निघत असेल. चादरी काढताना तिने घराच्या बाजूच्या बोळातून रस्त्याकडे पाहिले. नुहादच्या खिडक्या बंद होत्या. तिच्या शेजारच्यांच्याही, आणि त्यापलीकडच्या दोन घरांच्याही. सगळे तिची वाट बघत होते. यापुढे तिला हे रोज सांगत बसावे लागणार होते, आणि तिचे इंग्रजी तर हे असे.

चादरी छातीशी धरून ती आत आली. बाहेरचे दार लावले, कडी घातली आणि झोपायच्या खोलीत जाऊन एक चादर विस्तीनच्या पायांवर टाकली. ती अजून गार होती. त्याने ती दोन्ही हातांनी हळूहळू वर ओढली, पोटावरून, छातीवरून, आणि तोंडावर घेतली. चेन्साला एकदम भीती वाटली. मग चादरीखालून हुंगल्याचा आणि पाठोपाठ त्याचा आवाज आला.

"लिंबं यंदा बरीच धरलेली दिसतायत."

"हो," चेन्सा म्हणाली. "झाड वाकलंय."

ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली आणि दिवस मावळायची वाट बघू लागली.